सोलापुरातला प्रोग्रामर कट्टा: चालू ठेवावा की थांबवावा?

सातरस्ता (धागाकर्ता) | रविवार, सकाळी ९.१०

नमस्कार मंडळी,

प्रोग्रामिंग करणाऱ्या लोकांचा एक छोटा कट्टा आम्ही सोलापुरात गेली तीन वर्षे दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी भरवत आहोत, हे इथल्या काही सभासदांना ठाऊक आहे. पहिल्या बैठकीला ३४ जण आले होते आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे शेजारच्या मंगल कार्यालयातून सतरंज्या मागून आणाव्या लागल्या होत्या. कालच्या बैठकीला आम्ही चार जण होतो. त्यांतला एक मी, दोघे नेहमीचे, आणि चौथे गृहस्थ बाहेर पाऊस लागला म्हणून आत येऊन बसले होते.

या चढउताराचे कारण मला कळत नाही असे नाही. आपल्याकडे जो मुलगा जरा बरे शिकतो, ज्याला गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळायचे साधन) समजावून सांगावे आणि ज्याच्याकडून दोनदा बोलून घेऊन भीड मोडावी, तो तिसऱ्या महिन्यात हडपसरला खोली शोधत असतो. त्याचा मला राग नाही, मीही सहा वर्षे पुण्यात काढली आहेत. पण दर दोन वर्षांनी पाटी पुसून पुन्हा श्रीगणेशा करायचा, दर महिन्याला वक्ता शोधायचा, सभागृहाची किल्ली आणायची, प्रोजेक्टरची केबल कोणाच्या घरी राहिली ते विचारत फिरायचे, आणि ज्या व्हॉट्सॲप गटात २१२ जण आहेत त्यांतल्या चाळीस जणांनी अंगठा दाखवूनही शनिवारी चारच डोकी दिसायची, याचा आता शीण येऊ लागला आहे.

कट्टा सन्मानाने थांबवावा, की चार माणसांचाच चालू ठेवावा, आणि ठेवायचा तर त्यात नेमके काय करावे, हे मला विचारायचे आहे. ज्यांनी असे काही चालवले आहे त्यांनी अनुभव लिहावेत, ही विनंती.

उद्या_बघू | रविवार, सकाळी ९.३१

पावसामुळे आत येऊन बसलेला तो इसम मीच. पाऊस अर्ध्या तासात थांबला होता, तरीही मी शेवटपर्यंत बसलो, याची कृपया नोंद घ्यावी.

सातरस्ता | रविवार, सकाळी ९.३४

नोंद घेतली आहे. चहाचे दहा रुपये मात्र बाकी आहेत.

जुना_सी | रविवार, सकाळी १०.५०

मी २००३ साली सोलापुरात असाच एक गट चालवला होता, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

त्या वेळी रेड हॅट लिनक्स ९ नुकतेच आले होते आणि ते बसवायला तीन सीडी लागत. डायल-अपवर एवढे उतरवून घेणे म्हणजे तळे चमच्याने उपसण्यासारखे होते, त्यामुळे पुण्याहून कोणी येणार असले की त्याच्याकरवी सीडी मागवायच्या आणि रविवारी दुपारी नवी पेठेतल्या एका सायबर कॅफेत त्यांच्या नकला करायच्या, असा आमचा क्रम होता. दोन ते चार या वेळात गिऱ्हाईक नसे, म्हणून मालक आम्हाला बसू देत. सीडी लिहून होईपर्यंत पंधरावीस मिनिटे दुसरे काहीच करता येत नसे, त्यामुळे लोक आपोआप एकमेकांशी बोलत. कोणाचे साउंड कार्ड चालत नाही, कोणाची विंडोजची पार्टिशन उडाली, हे सारे त्या पंधरावीस मिनिटांत निघे. आज मागे वळून पाहताना वाटते की आमची खरी बैठक तीच होती.

दीड वर्षाने गट बंद पडला. ब्रॉडबँड आले, सीडीची गरज संपली, म्हणून गट संपला, असे मी बरीच वर्षे सांगत आलो. खरी गोष्ट अशी की माझी नांदेडला बदली झाली आणि कॅफेमालकांचा फोन नंबर माझ्या एकट्याकडेच होता.

तुमच्या प्रश्नाशी याचा संबंध असा, की चार माणसे आली याची मला मुळीच काळजी वाटत नाही. पण किल्ली, केबल, वक्ता आणि चहा ही चारही कामे तुम्ही एकटेच करता, याची वाटते.

आणखी एक गोष्ट. कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्क येथे ५ मार्च १९७५ रोजी गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये होमब्रू कॉम्प्युटर क्लबची पहिली बैठक झाली. ॲपलचे सहसंस्थापक स्टीव्ह वॉझ्नियॅक तिथलेच. तो क्लब पुढे १९८६ पर्यंत चालला. ली फेल्सेन्स्टाइन तिथल्या बैठका चालवत आणि त्यांची पद्धत मला फार आवडते. आधी सगळे एकत्र बसत आणि ज्याला काही हवे आहे, ज्याच्याकडे काही देण्यासारखे आहे किंवा ज्याने काही नवीन ऐकले आहे, तो उभा राहून थोडक्यात सांगे. नंतर सगळे मोकळे होत आणि ज्याला ज्याच्याशी बोलायचे तो त्याला गाठे. वक्ता मिळाला नाही म्हणून बैठक अडली, असा प्रसंग या पद्धतीत फारसा येत नाही.

पुण्यातला_सोलापूरकर | रविवार, सकाळी ११.४०

जुना_सी यांच्या आठवणी छान आहेत, पण तो काळ गेला. स्पष्ट लिहितो, राग नसावा. कट्ट्यात आलेल्यांपैकी निम्मे लोक आज पुण्यात आहेत, त्यांत मीही आहे. सभागृह, किल्ली, केबल या सगळ्या कटकटी सोडून महिन्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर भेटावे. वक्ता बंगळूरचा मिळेल, अमेरिकेतला मिळेल, आणि सोलापूर सोडलेल्यांनाही येता येईल. २०२० मध्ये टाळेबंदीत सगळ्यांनी हेच केले होते आणि कोणाचे काही अडले नव्हते.

कांडीवाला | रविवार, दुपारी १२.०५

अडले नव्हते, हे अर्धसत्य आहे. त्या वर्षी मीही त्या कॉलांना हजर असे. पहिल्या कॉलला ६१ जण होते, आठव्याला नऊ, आणि त्या नवांतल्या पाच जणांचे कॅमेरे आणि माइक दोन्ही बंद होते. एका बैठकीत तर कॉल संपल्यावरही तिघे तसेच आत राहिले होते, यावरून ते जेवायला निघून गेले असावेत असा अंदाज आम्ही काढला.

व्हिडिओवर शिकायचे असेल तर जगातले उत्तमोत्तम लोक यूट्यूबवर फुकट शिकवत आहेत. त्यांना सोडून मी शनिवारी रात्री आपल्याच कट्ट्याचा कॉल का लावावा? सोलापुरात बसून सोलापुरातल्या माणसाशी बोलता येते, एवढीच एक गोष्ट आपल्याकडे आहे जी यूट्यूबकडे नाही, आणि नेमकी तीच सोडून देण्याचा सल्ला तुम्ही देत आहात.

काटा_आणि_वजन | रविवार, दुपारी १.२०

कांडीवाला यांच्या म्हणण्याला एक उदाहरण जोडतो. मी साखर कारखान्यांच्या वजनकाट्यांचे सॉफ्टवेअर करतो. आपल्या जिल्ह्यात कारखान्यांची संख्या मोठी असल्यामुळे पोट त्याच्यावर चालते. दीड वर्षापूर्वी सातरस्ता यांनी फारच आग्रह केला म्हणून मी कट्ट्यात बोलायला उभा राहिलो, तेही विषय काय घ्यावा ते न सुचल्यामुळे त्या आठवड्यात माझे डोके खात असलेली अडचणच घेऊन.

ज्यांनी काटा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: उसाने भरलेला ट्रॅक्टर काट्यावर चढतो, त्याचे वजन होते, मग ऊस उतरवून तो रिकामा परत येतो, पुन्हा वजन होते, आणि दोहोंतला फरक शेतकऱ्याच्या नावे लागतो. काट्याचा इंडिकेटर सिरीयल पोर्टवरून सेकंदाला अनेक वेळा आकडा पाठवत राहतो आणि आपला प्रोग्राम तो उचलतो. माझ्या प्रोग्राममध्ये दिवसातून एखाददुसऱ्या वेळी भलताच आकडा येई. ट्रॉली हलत असताना वजन उचलले जात असेल, असे समजून मी लागोपाठ पाच आकडे सारखे आल्याशिवाय पावती छापायची नाही, अशी अट घातली होती. त्याने बराच फरक पडला, पण चूक पूर्ण गेली नाही. मी फळ्यावर दोन आकडे लिहिले, खरे वजन १८४६० किलो आणि पावतीवरचे ८४६० किलो, आणि काटा, केबल, विजेची ये-जा अशी सगळी संभाव्य कारणे सांगत सुटलो.

डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला असलेला एक मुलगा शेवटच्या रांगेतून म्हणाला, “सर, फरक बरोबर दहा हजारांचाच कसा काय?”

मी फळ्याकडे पाहतच राहिलो. वजन चुकत नव्हतेच. माझा प्रोग्राम ओळीच्या सुरुवातीची खूण न तपासता मधूनच वाचायला लागत होता आणि पहिला १ गळून पडत होता. गळलेला आकडाही एकदा बफरात, म्हणजे आलेले आकडे तात्पुरते ठेवायच्या जागेत, शिरला की माझा कोड तोच पाच वेळा मोजत होता, म्हणून पाच सारख्या आकड्यांची अटही त्याला अडवत नव्हती. तीन आठवडे जे मला दिसले नाही ते त्या पोराला तीन मिनिटांत दिसले, कारण त्याला काट्याबद्दल काहीच माहिती नव्हती.

त्या दिवशी २३ जण होते आणि नऊ वाजता वॉचमनने दिवे घालवेपर्यंत कोणी उठले नाही.

सातरस्ता | रविवार, दुपारी १.४४

तो मुलगा पुढे चार बैठकांना आला. आता पुण्यात आहे.

उद्या_बघू | रविवार, दुपारी १.४६

गळलेला १.

हॉस्टेल_खोली_सात | रविवार, दुपारी ३.१५

मी अंतिम वर्षाचा विद्यार्थी आहे. विद्यार्थी कट्ट्याला का येईनासे झाले, हे कोणी लिहिले नाही म्हणून लिहितो. ज्येष्ठांनी रागावू नये.

पहिल्या वर्षी आमच्या महाविद्यालयातून जे पंधरावीस जण येत, ते प्रमाणपत्रासाठी येत. आमच्याकडे अशा उपक्रमांचे गुण असतात आणि कोणीतरी सांगितले होते की कट्ट्यात प्रमाणपत्र मिळते. मिळत नाही असे कळल्यावर गळती झाली. ती झाली ते बरेच झाले, असे मला वाटते.

पण जे खरोखर शिकायला येत होते तेही थांबले, त्याचे कारण वेगळे आहे. मध्यंतरी पाच-सहा महिने पुण्याच्या कंपन्यांतले वक्ते येत होते. ते कुबरनेटिसवर आणि मायक्रोसर्व्हिसेसवर इंग्रजीत चाळीस-चाळीस स्लाइड दाखवत. आमच्यातल्या पुष्कळांनी तोवर स्वतःची एक वेबसाइटही कुठे चढवलेली नव्हती. शेवटी “काही प्रश्न?” असे विचारले की सगळे खाली पाहत, कारण प्रश्न पडण्याइतकेसुद्धा समजलेले नसे. मी स्वतः दोनदा तसा बसलो आणि तिसऱ्यांदा गेलो नाही. वजनकाट्याच्या बैठकीची गोष्ट मी मात्र नंतर हॉस्टेलवर तीन जणांकडून ऐकली.

मागचा_बाक | रविवार, दुपारी ४.०२

खोली_सात यांनी भाषेचा मुद्दा काढला आहे, त्यात माझीही भर. आमच्या घरी तेलुगू बोलतात, शाळा मराठी, मित्रांत कन्नड आणि उर्दू दोन्ही, आणि इंग्रजी फक्त एरर मेसेजमधली. पूर्व भागातल्या माझ्यासारख्या पोरांना इंग्रजी भाषणाची जेवढी भीती वाटते तेवढीच पुस्तकी मराठीचीही वाटते. (मी हे पुस्तकी मराठीत लिहीत आहे याची मला जाणीव आहे. इथल्या संपादकांचा धाक आहे.)

मी कट्ट्यात एकदाच बोललो, तेही दहा मिनिटे. पायथनमध्ये “सोलापूर” या शब्दाची लांबी विचारली, तर उत्तर आले ७. समोरची मंडळी म्हणाली, चार अक्षरे तर आहेत, सात कशी? तेव्हा एकेक सुटे करून फळ्यावर लिहिले: स, ओकाराची मात्रा, ल, काना, प, दीर्घ ऊकार, र. युनिकोडच्या, म्हणजे कॉम्प्युटर ज्या पद्धतीने जगभरच्या लिप्या साठवतो तिच्या हिशेबात मात्रा, काना आणि ऊकार हेही स्वतंत्र घटक धरले जातात. मग एकाने गो भाषेत तोच शब्द मोजला, तर उत्तर २१ आले, कारण ती बाइट मोजते आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक घटकाला तीन बाइट लागतात. ज्याच्याकडे मॅक होता त्याने स्विफ्टमध्ये पाहिले, तिने मात्र आपल्यासारखे ४ सांगितले. एकाच शब्दाची तीन उत्तरे आणि तिन्ही बरोबर, म्हटल्यावर जी वादावादी झाली ती तासभर चालली.

शेवटी मी तोच शब्द उलटा करून दाखवला. वाचणाऱ्याला अपेक्षा “रपूलासो”ची असते, पण पडद्यावर उमटले “रूपालोस”, कारण उलटताना प्रत्येक काना-मात्रा आपले अक्षर सोडून शेजाऱ्याला जाऊन चिकटते. तेव्हापासून काही जण मला त्याच नावाने हाक मारतात.

शेंगाचटणी | रविवार, सायंकाळी ५.३०

ते रूपालोस तुम्ही होतात होय! त्या बैठकीला मी होते, आणि ती माझी शेवटची बैठक.

ती शेवटची का ठरली, तेही लिहिते. मी घरून काम करते, कंपनी बंगळूरची आहे, वय चाळीसच्या पुढे. आपल्या बैठकीची वेळ कागदावर सहा ते आठ अशी असली तरी ती सुरू होते पावणेसातला आणि संपते वॉचमनच्या मर्जीने. काटा_आणि_वजन यांनी नऊपर्यंत कोणी उठले नाही हे कौतुकाने लिहिले आहे, आणि बैठक रंगली असणार यात शंका नाही. पण त्या २३ जणांत बाई एकही नसेल, हे मी न पाहताही सांगू शकते. सभागृह दुसऱ्या मजल्यावर, जिन्यात दिवा नाही, आणि गल्लीच्या तोंडाशी रात्री आठनंतर रिक्षा मिळत नाही. बायकांना प्रोग्रामिंगमध्ये रस नाही, असे अनुमान काढण्यापूर्वी कोणीतरी जिन्यात एक बल्ब लावून पाहावा.

दुसरी अडचण पुरुष मंडळींच्या गावीही नसते, ती म्हणजे पाणी. आपल्याकडे पाणी चार-पाच दिवसांआड येते, त्यामुळे पाण्याचा वार दर आठवड्याला सरकत जातो आणि तो अधूनमधून नेमका दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी येऊन पडतो. त्या दिवशी घरात जो पाणी भरणारा असेल, तो काय लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स स्वतः आला तरी कट्ट्याला येणार नाही.

कांडीवाला | रविवार, सायंकाळी ५.४८

पाण्याचा मुद्दा शंभर टक्के मान्य. बल्ब मी लावतो, यात चर्चा करण्यासारखे काही नाही.

हिशेबनीस | रविवार, रात्री ८.१०

पैशांविषयी कोणी बोलत नाही, म्हणून ते अप्रिय काम मी करतो. पहिली दोन वर्षे वही माझ्याकडे होती. सभागृहाचे भाडे एका वेळचे ३०० रुपये, चहा आणि बिस्किटे सरासरी २०० रुपये, म्हणजे महिन्याला पाचशे. ही रक्कम मोठी नाही, पण ती दर महिन्याला सातरस्ता यांच्या खिशातून जाते आणि मागायला त्यांना संकोच वाटतो. माझ्याकडे अशा नोंदी आहेत की ज्यांत जमा शून्य आणि खर्च ५४०.

मध्ये शहरातल्या एका क्लासने वर्षभराचा खर्च उचलण्याची तयारी दाखवली होती. माझे मत घ्यावे असे होते. त्यांना बदल्यात फक्त एक फलक आणि दहा मिनिटे हवी होती.

जुना_सी | रविवार, रात्री ८.४०

दहा मिनिटे नव्हे. त्यांना हजेरीचा कागद हवा होता, मोबाइल नंबरांसकट. ती एक बैठक प्रयोग म्हणून त्यांच्या खर्चाने झाली आणि दुसऱ्या दिवसापासून आलेल्या प्रत्येक मुलाला शंभर टक्के नोकरीच्या हमीचे फोन सुरू झाले. पुढच्या महिन्यात निम्मी मुले आली नाहीत, आणि ती आपल्यावरच रागावली असणार, हे उघड आहे.

हिशेबनीस | रविवार, रात्री ८.५२

ते खरे आहे. नंबर देण्याला माझाही विरोध होता, पण मी तेव्हा जोराने बोललो नाही.

अल्पमोली | रविवार, रात्री ९.१५

[जाहिरातीचा मजकूर काढून टाकला आहे. – संपादक]

उद्या_बघू | रविवार, रात्री ९.१७

घ्या, क्लासवाले इथेही पोहोचले.

कांडीवाला | रविवार, रात्री १०.०५

सातरस्ता यांनी विचारलेल्या “काय करावे” याकडे वळतो. आमच्या कारखान्यात चादरींचे माग आहेत. मागच्या वर्षी एका बैठकीला सगळ्यांना मी तिकडेच नेले होते. जकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी काढणाऱ्या यंत्रावर, नक्षी कशी उतरते ते पाहायला १९ जण आले. भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ वरून सरकत जाते. जिथे भोक असेल तिथे सुई आत शिरते आणि ताण्याचा तो धागा वर उचलला जातो, भोक नसेल तिथे धागा खालीच राहतो, आणि धोटा मधून निघून जातो. एका पुठ्ठ्याला बाण्याची एक ओळ. वडिलांकडे काम करणाऱ्या मामांनी एक पुठ्ठा मुद्दाम उलटा लावून दाखवला, तेव्हा चादरीतल्या फुलाची एक ओळ डावीउजवीकडे बदलली आणि सगळी पोरे एकदम ओरडली. मामांना या मंडळींच्या आनंदाचे कारण शेवटपर्यंत कळले नाही. जोसेफ मारी जकार्ड यांनी हे यंत्र फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास पुढे आणले, चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या ॲनालिटिकल इंजिन या नियोजित गणकयंत्रासाठी पुठ्ठ्यांची कल्पना तिथूनच उचलली, आणि एडा लव्हलेस यांनी १८४३ च्या आपल्या टिपणांत त्या दोन्ही यंत्रांची तुलना करून ठेवली आहे, हे त्या दिवशी सांगायला मला फार बरे वाटले. कारण घरचा धंदा सोडून कॉम्प्युटरच्या मागे लागलो, म्हणून मी बोलणी खाल्लेली आहेत.

असे काही दर दोन-तीन महिन्यांनी करावे.

सातरस्ता | रविवार, रात्री १०.३०

ती बैठक मलाही विसरता येणार नाही. पण वहीत लिहिलेले आहे तेही सांगतो: त्या महिन्यात १९, पुढच्या महिन्यात सात. मागाला आलेले लोक माग पाहायला आले होते. सहल काढली की गर्दी होते आणि ती सहलीबरोबरच जाते, असा माझा तीन वर्षांचा अनुभव आहे.

पुण्यातला_सोलापूरकर | सोमवार, सकाळी ८.२०

काल रात्री सगळे प्रतिसाद पुन्हा वाचले. ऑनलाइनचा माझा आग्रह मी मागे घेतो. मी स्वतः त्या कॉलांत कॅमेरा बंद करून बसणाऱ्यांपैकी होतो.

त्याऐवजी दुसरे सुचवतो. पुण्यात मी दोनदा कोड रिट्रीट नावाच्या प्रकाराला गेलो आहे. २००९ पासून तो जगभर चालतो. दिवसभरात एकच कोडे सोडवायचे, बहुधा जॉन कॉन्वे यांचा १९७० सालचा गेम ऑफ लाइफ. दोघादोघांनी एका लॅपटॉपवर बसायचे, ४५ मिनिटे झाली की लिहिलेले सगळे पुसून टाकायचे आणि जोडीदार बदलून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची. पुसून टाकायचे आहे हे आधीच ठरलेले असल्यामुळे नवशिक्याला लाज वाटत नाही आणि जाणत्याला मिरवता येत नाही. याला वक्ता लागत नाही, प्रोजेक्टरही लागत नाही, आणि चार माणसे असली तर दोन जोड्या होतात. दिवसभर जमणार नाही, पण दोन तासांत दोन फेऱ्या सहज होतील.

महिन्यातून एकदा मी शुक्रवारी रात्री घरी येतोच. तो शनिवार दुसरा धरला, तर मलाही येता येईल. मला निमित्तच हवे होते.

हॉस्टेल_खोली_सात | सोमवार, सकाळी ९.०५

जोडीने काम असेल तर मी येतो आणि खोलीतल्या दोघांनाही आणतो. एक शंका आहे, भाषा कोणती?

मागचा_बाक | सोमवार, सकाळी ९.२०

जोडीदाराला समजेल ती. तेलुगूत पॉइंटर समजावून हवे असतील तर मी आहे.

जुना_सी | सोमवार, सकाळी ११.१०

कोड रिट्रीटला माझी हरकत नाही, पण एक तास तरी होमब्रूच्या पद्धतीने अडचणी मांडायला ठेवावा. काटा_आणि_वजन यांच्यासारखे लोक गावात बरेच आहेत. कापड दुकानांची बिले, रुग्णालयांच्या नोंदी, शाळांचे निकाल यांचे प्रोग्राम एकट्याने लिहिणारी आणि अडले की विचारायला कोणी नसलेली ही माणसे नोकरीसाठी पुण्याला जाणारी नाहीत. पोटधंदा इथेच असल्यामुळे ती वर्षानुवर्षे इथेच राहतील. आपण तीन वर्षे जाणाऱ्यांसाठी कट्टा भरवला आणि राहणाऱ्यांना एकदा सोडून कधी बोलावले नाही, असे मला हा धागा वाचून वाटू लागले आहे.

काटा_आणि_वजन | सोमवार, सकाळी ११.२५

+१. गाळप हंगाम सुरू झाला की मला चार महिने फुरसत नसते, पण माझ्यासारखे तिघे जण आहेत, त्यांना सांगतो. त्यांतला एक जण आठ वर्षांपासून एकाच फाइलमध्ये सगळा कोड लिहीत आला आहे आणि त्याने गिटचे नावही ऐकलेले नाही. बॅकअप म्हणून तो फोल्डरच्या नावापुढे तारीख घालतो.

उद्या_बघू | सोमवार, सकाळी ११.२७

हे वर्णन माझे आहे का, हे कृपया खाजगीत कळवावे.

शेंगाचटणी | सोमवार, दुपारी १२.४०

शनिवारी सहाला म्हणजे सहालाच सुरू होणार असेल आणि आठला संपणार असेल, तर मी येईन. उशिरा येणाऱ्यांसाठी थांबायचे नाही, एवढीच माझी अट आहे. जे वेळेवर येतात त्यांना थांबवून ठेवून आपण उशिरा येणाऱ्यांची सवय पक्की करतो.

सातरस्ता | सोमवार, रात्री ९.५०

सर्वांचे आभार. काल सकाळी हा धागा काढताना कट्टा थांबवण्याचा मजकूर मी निम्मा लिहून ठेवला होता, हे आता सांगायला हरकत नाही.

तूर्त सहा महिने चालवू. दुसरा शनिवार, सहा ते आठ. पहिला तास ज्याला जे अडले असेल ते मांडायचे, दुसऱ्या तासात जोड्या करून कोड. जानेवारीची बैठक गड्ड्यामुळे (सिद्धेश्वर यात्रेमुळे) होणार नाही. गेल्या वर्षी त्या दिवशी मी आणि वॉचमन दोघेच होतो आणि आठ वाजता आम्ही दोघेही यात्रेला गेलो. क्लास नाही, फलक नाही, हजेरीचा कागद नाही. येणाऱ्याने वीस रुपये डब्यात टाकावेत आणि वही पुन्हा हिशेबनीस यांनी सांभाळावी. व्हॉट्सॲप गटात आता अंगठे मागणार नाही. सभागृहाच्या किल्लीची दुसरी प्रत करून घेतली आहे. ती कोणाकडे ठेवू?

जुना_सी | सोमवार, रात्री ९.५८

माझ्याकडे नको. माझा इतिहास वर लिहिलेला आहे.

कांडीवाला | सोमवार, रात्री १०.०१

बल्ब लावायला जाणारच आहे, माझ्याकडे द्या. केबलही सापडली आहे, ती आमच्याच शोकेसमध्ये होती.

शेंगाचटणी | सोमवार, रात्री १०.१५

आमच्याकडे उद्या पाणी येणार आहे. पाच दिवसांच्या हिशेबाने बोटांवर मोजून पाहिले, तर पुढच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी पुन्हा आमचीच पाळी येते आहे.

उद्या_बघू | सोमवार, रात्री १०.१७

रविवार?

सातरस्ता | सोमवार, रात्री १०.२०

या वेळेपुरता रविवार, सहा वाजता. पुण्यातला_सोलापूरकर, तुम्ही सोमवारी पहाटेच्या गाडीने परत गेलात तर जमेल का?

पुण्यातला_सोलापूरकर | सोमवार, रात्री १०.४४

हुतात्मा एक्सप्रेस सकाळी सोलापूरहूनच सुटते. जमवतो.